गोऱ्यांच्या मसणवटीतली सीताफळं

भाऊबीज उरकून दुसऱ्याच दिवशी कुसुम आमच्या सांगलीच्या घरी येऊन थडकली. हातात कापडी पिशवी, वेणीत सुकलेला गजरा, आणि चेहरा असा की आईनं पाण्याचा तांब्या पुढं करता करता विचारलं, "काय गं, घरी सगळं बरं आहे ना?"

"सगळं बरं आहे, काकू," कुसुम म्हणाली आणि आईची पाठ वळताच माझा दंड धरून मला थेट गच्चीवर घेऊन गेली.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. कुसुम आणि मी कवठे महांकाळला एकाच शाळेत शिकवत होतो, एकाच खोलीत राहत होतो, एकाच स्टोव्हवर आळीपाळीनं भात करपवत होतो. तिचं माहेर आटपाडीच्या बाजूला. दिवाळीच्या सुट्टीत तिला बघायला एक मुलगा आला होता, आणि हे स्थळ आणलं होतं माझ्या सख्ख्या मावशीनं. मावशी कोरेगावला राहायची. मुलगा तिच्या शेजारच्या गावचा. नाव उत्तम. लष्करात नाईक, बिनतारी यंत्रावर काम. म्हणजे या प्रकरणात माझाही थोडा हात होता असं कुसुमचं म्हणणं.

"कसा आहे?" मी विचारलं.

"उंच आहे."

"आणि?"

"आणि काहीच नाही! पोहे खाल्ले, पाणी प्यायला, 'होय जी', 'न्हाई जी' म्हणाला आणि गेला. शैला, आमच्या मामानं तो म्हशीचा किस्सा सांगितला. म्हैस वरातीत शिरते तो. सगळं घर खो खो हसलं. अंथरुणाला खिळलेले चुलते हसले. आणि हा भिंतीकडं बघत बसला. ओठ असे घट्ट मिटून."

"लाजला असेल."

"बाबा म्हणतात, गंभीर आहे, जबाबदार आहे. मला सांग, ज्याला हसू येत नाही त्याच्यासमोर जन्मभर जेवायला कसं बसायचं?"

मला खरं तर हसू येत होतं, पण तिच्या डोळ्यांत पाणी बघून मी ते आवरलं. उत्तमची रजा संपत आली होती. शाळा उघडायच्या आत होय की नाही ते तिच्या घरून कळवायचं होतं. घरचे सगळे होय म्हणून बसले होते. तिला फक्त एकदा, कुणी आजूबाजूला नसताना, त्या माणसाशी बोलायचं होतं. आज ही गोष्ट वाचताना तुम्हाला यात काय विशेष असं वाटेल. तेव्हा हे बोलून दाखवणंसुद्धा गच्चीवरच शक्य होतं.

"मावशीकडं जाऊ या," मी म्हटलं. "तिनं आणलंय ना स्थळ, तिलाच गाठू."

आईला सांगितलं, मावशीकडं फराळाला जातोय. खोटं नव्हतं. मावशीच्या अनारशांची ख्याती होतीच.

*

सकाळच्या लाल गाडीनं निघालो. त्या काळी सांगलीहून साताऱ्याला जायचं म्हणजे आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका, कराड असे सगळे मुक्काम घेत घेत जायचं. आता पेठ नाक्यावरून हमरस्ता धरला की डोळा लागायच्या आत सातारा येतो. तेव्हा रस्ता एकपदरी, दोन्ही बाजूंना वडाची आणि चिंचेची झाडं, आणि नेमका उसाचा हंगाम सुरू झालेला. कारखान्याकडं निघालेल्या बैलगाड्यांची अशी रांग की आमची गाडी त्यांच्यामागून लग्नाच्या वरातीसारखी चालली होती. एका वळणावर खिडकीच्या इतक्या जवळून एक बैलगाडी गेली की कुसुमनं हात बाहेर काढून उसाचं एक कांडं ओढून घेतलं. गाडीवानानं मागं वळून बघितलं.

"आवं बाई, खावा खावा! पर कारखान्याला सांगू नगासा!" तो ओरडला.

सगळी गाडी हसली. कंडक्टर म्हणाला, "बाई, अर्धं मला द्या, न्हाईतर तिकीट लावीन त्याला." कुसुमनं खरंच मोडून दिलं. आदल्या दिवशीची रडवेली कुसुम कुठल्या कुठं गेली होती. सांगलीहून बरोबर घेतलेलं भडंग आम्ही इस्लामपूरपर्यंत संपवलं. कराडच्या स्टँडवर चहा आणि गरम वडे घेतले. वड्याबरोबर लसणाची लाल चटणी मिळायची, तिच्यापायी दोन वड्यांचे चार व्हायचे. (आता त्या स्टँडचं रूप पालटलंय. चटणी टिकली असेल अशी आशा.)

साताऱ्याला गाडी बदलली आणि माहुलीच्या पुलावरून कृष्णा ओलांडून दिवेलागणीला कोरेगावला पोचलो. मावशीच्या अंगणात घेवड्याच्या शेंगांचे ढीग वाळत पडले होते आणि ती पदर खोचून त्यातच उभी होती. मावशी म्हणजे ठेंगणी, गोल, आणि आवाज असा की माळावरून हाक मारली तर गावातली जनावरं थांबावीत.

अनारसे खाऊन झाल्यावर मी विषय काढला.

"बोलायचंय?" मावशीनं दोन्ही हात कमरेवर ठेवले. "लग्नाच्या आदी? कशापायी?"

"कसा माणूस आहे ते कळायला."

"आगं, म्या तुझ्या काकास्नी अजून कवा बोलले न्हाई. वीस वरीस झाली. काय अडलंय का?"

माजघरातून काका म्हणाले, "न्हाई बोलली? मग ही बडबड करती ती कोन?"

मावशीनं तिकडं दुर्लक्ष केलं. पण कुसुमनं तिच्याजवळ बसून, शेंगा सोलत सोलत, हळूहळू सगळं सांगितलं. म्हशीचा किस्सा, मिटलेले ओठ, भिंत. मावशी ऐकता ऐकता थांबली. मग म्हणाली, "ह्या बाबतीत तुजं खरं हाय पोरी. हसत न्हाई म्हंजे काय? त्याची आई तर लय हसरी. आनि स्थळ म्या आणलंय. उद्या काय वाईट निगालं तर तू माज्या नावानं बोटं मोडशील."

तिनं त्याच रात्री काकांना सायकलवर शेजारच्या गावी पिटाळलं. काका परतले ते हसतच. उत्तमचा निरोप असा होता: उद्या दुपारच्या आधी साताऱ्यात, जुन्या छावणीच्या मागं, गोऱ्यांच्या मसणवटीत या. तिथं कुणी येत नाही.

मावशी मटकन खालीच बसली. "मसणवटीत? पोरगी बघायला मसणवटीत?"

कुसुमनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं, आणि आम्ही दोघी घेवड्याच्या ढिगावर पडून पोट दुखेपर्यंत हसलो. "शैला," ती हसता हसता म्हणाली, "हा माणूस एक तर वेडा आहे, नाहीतर मला फार आवडणार आहे."

*

मावशीनं बरोबर यायचं ठरवलं. "दोन पोरी एकट्या मसणात धाडायला माजं डोकं फिरलंय व्हय?" तिनं पदराला लिंबू बांधलं, पिशवीत ज्वारीच्या भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घेतला, दह्याची किटली वेगळी माझ्या हातात दिली. साताऱ्याच्या गाडीत ती वाटभर पुटपुटत होती. देवाचं नाव घेत होती की उत्तमला शिव्या देत होती, ते कळलं नाही.

स्टँडवरून टांगा केला. मावशीनं टांगेवाल्याला ठिकाण सांगायला नकार दिला, म्हणून मीच सांगितलं. त्यानं आम्हा तिघींकडं नीट बघून घेतलं.

"कुनी गेलंय का?" त्यानं हलक्या आवाजात विचारलं.

"नाही नाही," मी म्हटलं. "बघायला चाललोय."

"कुनाला?"

कुसुमनं तोंडात पदर कोंबला.

छावणीच्या जुन्या बंगल्यांपाशी टांगा थांबला. पुढं पायवाट. तुम्ही कधी अशा जागी जाणार असाल तर तीन गोष्टी सांगते: पायात बूट घाला, साडी असेल तर गुडघ्याशी खोचा, आणि दिवाळीनंतरच जा, कारण पावसाळ्यात तिथं गवतातून पाऊल कुठं पडतंय ते कळत नाही. आमच्या पायात चपला होत्या आणि कुसळांनी साड्यांच्या काठाला अशी झालर लावली की घरी गेल्यावर ती वेचायला दोन संध्याकाळी लागल्या.

आधी दिसली भिंत. भिंत म्हणजे भिंतीची आठवण. काळ्या दगडांची ओळ, तिच्यावरून घाणेरीची झुडपं बाहेर सांडलेली, त्यांच्यावर पिवळी आणि गुलाबी फुलं, आणि त्या फुलांवर इतकी फुलपाखरं की झुडूप जागच्या जागी थरथरत असल्यासारखं वाटावं. फाटकाचे दोन खांब उभे होते. एका खांबाला पिंपळानं पूर्ण गिळलं होतं. मुळं खांबावरून खाली उतरून जमिनीत गेलेली आणि लोखंडी फाटकाचा अर्धा भाग त्या मुळांच्या आत अडकलेला. झाडाच्या पोटातून फाटकाच्या सळया बाहेर आल्या होत्या. कुसुमनं एका सळईला हात लावून बघितला. सळई हलली नाही, पण वरून पोपटांचा थवा कलकलाट करत उठला आणि मावशी किंचाळली.

"म्या आत येत न्हाई," तिनं जाहीर केलं. "तुमी जावा. म्या हितंच बसते. काय झालं तर वरडा."

आम्ही आत गेलो, आणि मला आजही तो क्षण सांगता येत नाही नीट. मी घाबरायची तयारी करून गेले होते. स्मशान म्हटल्यावर राख, कावळे, उदास काहीतरी मनात होतं. इथं तर जत्रा भरली होती. ऊन सोनेरी, गवत सोनेरी आणि कमरेइतकं उंच, त्यात कुर्डूचे गुलाबी तुरे. जुन्या चाफ्याच्या झाडांच्या फांद्या वाकड्यातिकड्या होऊन थडग्यांवर कोपर टेकून बसल्यासारख्या. थडगी गवतातून इकडून तिकडून डोकं वर काढत होती. एक उंच चौकोनी थडगं उंबरानं मधोमध उचलून वाकडं केलं होतं, आणि त्याच्या फटीतून खार आत बाहेर करत होती, तिच्या घरात आम्ही न विचारता शिरल्यासारखी रागानं चिटचिटत. दुसऱ्या एका दगडावर गुंजांची वेल चढलेली, शेंगा फुटून लालचुटुक गुंजा बाहेर आलेल्या. कुठून तरी मधमाश्यांचा घूं घूं आवाज येत होता. एक मुंगूस आमच्याकडं बघत उभं राहिलं, आम्ही काही कामाच्या नाही असं ठरवून गवतात शिरलं.

आणि सीताफळं! सगळ्या मसणवटीत सीताफळीची झाडं माजली होती. कुणी लावली नव्हती, पाखरांनी बिया टाकल्या असतील. डोळे उघडलेली, पिवळसर झालेली, काही तर झाडावरच फुटून पांढरा गर दिसणारी. मसणातलं फळ कोण खाणार, म्हणून कुणी हात लावलेला नव्हता.

"अगं मावशी!" मी ओरडले. "सीताफळं!"

"कसली?" भिंतीपलीकडून आवाज आला.

"ही एवढी!"

गवतात खसफस झाली आणि मावशी पदर डोक्यावरून घेऊन, डोळे अर्धे मिटून, पिशवी छातीशी धरून आत आली. झाडाशी पोचल्यावर तिचे डोळे पूर्ण उघडले.

"आगं आई गं," ती म्हणाली. "बाजारात असली मिळत न्हाईत." तिनं एक तोडलं, हातात तोललं, मग समोरच्या थडग्याकडं वळून हात जोडले. "सायबा, तुज्या बागंतलं घेते. रागावू नगंस." आणि मोडून खायला लागली. बिया ती पदरात गोळा करत होती. नंतर विचारलं तर म्हणाली, "त्याच्या अंगावर कशाला थुकू?"

*

उत्तम आधीच आला होता. मसणवटीच्या वरच्या अंगाला, एका सपाट दगडाजवळ, परीटघडीचा पांढरा सदरा घालून सावधान उभा होता. आमच्याकडं बघून त्यानं मान लववली. त्यानं कोयत्यानं गवत कापून दगडापर्यंत वाट केली होती आणि दगडावर रुमाल अंथरला होता. कुसुम रुमालावर बसली. तो उभाच राहिला. मी जरा लांब, चाफ्याखाली बसले, पण सगळं ऐकू येईल इतकीच लांब.

"शाळेत असताना मी हितं अभ्यासाला यायचो," तो म्हणाला. "तवा सातारला मामाकडं ऱ्हायचो. त्याच्या घरी माणसं लय. हितं शांत."

"भीती नाही वाटली?"

"न्हाई. समदे गप बसतात."

कुसुमनं वाट बघितली. तो विनोद होता की काय, तिला कळेना. त्याचा चेहरा दगडासारखा. ओठ घट्ट. तिनं माझ्याकडं एक नजर टाकली. मग तिनं विचारलं, नोकरी आवडते का. होय. वाचायला आवडतं का. वेळ मिळंल तसं. शाळेतल्या एका पोरानं इन्स्पेक्टरला कसं उत्तर दिलं तो किस्सा तिनं सांगितला. चांगला किस्सा होता, मी चाफ्याखाली हसले. त्यानं मान खाली घातली आणि नाकातून जोरात श्वास घेतला. बस.

ती उठली. पदर सारखा केला. "शैला, निघू या का?"

मी कशीबशी उठत होते, तेवढ्यात ती आली.

वानरांची टोळी. काळ्या तोंडाची, लांब शेपटांची, सीताफळांच्या हंगामातली रोजची गिऱ्हाइकं. उंबरावरून, भिंतीवरून, थडग्यांवरून उड्या मारत आली आणि त्यातल्या एका दांडग्या हुप्प्यानं मावशीच्या पाठीमागून येऊन तिची पिशवी उचलली. मावशी वळली. क्षणभर दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मग हुप्प्या पळाला आणि मावशी त्याच्या मागं.

"माजी भाकरी! आरं ए मुडद्या! ठेव खाली!"

जी बाई फाटकातून आत यायला तयार नव्हती, ती आता एका थडग्यावरून दुसऱ्या थडग्यावर चढत होती. वाटेत येईल त्या प्रत्येक दगडाला "सायबा, माफी" म्हणत होती आणि हातातलं सीताफळ उगारून धावत होती. हुप्प्या सर्वांत उंच थडग्याच्या टोकावर जाऊन बसला. शांतपणे पिशवी उघडली. भाकरी काढली. तिच्यावर ठेचा होता. एक मोठा घास घेतला.

त्याचा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. आधी विचारात पडला. मग डोळे मोठे झाले. मग त्यानं जीभ बाहेर काढून दोन्ही हातांनी पुसली, भाकरीकडं बघितलं, खाली मावशीकडं बघितलं, आणि भाकरी, पाठोपाठ पिशवीही, तिच्याच अंगावर फेकून मारली.

"तिखाट लागलं व्हय?" मावशी खालून गरजली. "चोरून खाताना बरं वाटलं!"

तेव्हा तो आवाज आला. मला वाटलं मोर ओरडला. नाही, सायकलच्या पंपात काहीतरी अडकलंय. हीईईक, हीईईक, आणि मध्येच घोड्यासारखं फुरफुरणं. मी वळून बघितलं. उत्तम दोन्ही हातांनी तोंड दाबून, गुडघ्यात वाकला होता, आणि आवाज बोटांमधून फुटून बाहेर येत होता. वानरंसुद्धा थांबून त्याच्याकडं बघायला लागली.

"काय झालं?" कुसुम घाबरून पुढं झाली. "बरं नाही का?"

"न्हाई, हीईईक, म्हंजे, माफ करा," तो लालेलाल झाला होता. "मला, हीईईक, हसू आलं."

कुसुम त्याच्याकडं बघत राहिली. "हे तुमचं हसू?"

"व्हय. म्हनून तर हसत न्हाई." त्यानं डोळे पुसले. "आईनं बजावून धाडलं हुतं तुमच्याकडं. पोरीच्या घरी हसू नगंस, स्थळ जाईल. परेडला एकदा हसलो तर सुभेदारसाहेबानं समद्या मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. तुमचे मामा त्या म्हशीचं सांगत हुते ना, माजा जीव जायची येळ आली. भिंतीकडं बघून फौजंतल्या गड्यांचे नंबर मनात म्हनत बसलो."

मग कुसुम हसली. ती अशी हसली की तिला त्या रुमालावर पुन्हा बसावं लागलं, आणि तिला हसताना बघून तो पुन्हा सुरू झाला, आणि मी चाफ्याला धरून उभी राहिले, आणि मावशी, ठेचा सांडलेली पिशवी हातात घेऊन, आमच्याकडं येत येत विचारत होती, "काय झालं? मेलं का कुनी?"

*

उरलेल्या भाकरी झटकून, दह्याबरोबर, सीताफळांबरोबर आम्ही चौघांनी तिथंच खाल्ल्या. मग मावशी उन्हात पाय पसरून पेंगायला लागली आणि कुसुम न् उत्तम उठून थडगी बघत फिरायला लागले. मीही थोड्या अंतरावरून.

खालच्या बाजूला एक लहानसा दगड होता. त्याला वडाच्या पारंब्यांनी चारी बाजूंनी वेढलेलं. अक्षरं शेवाळानं भरून गेलेली. उत्तमनं बोटानं शेवाळ खरवडलं. त्याला शाळेपासून तो दगड माहीत होता. आडनाव गेलेलं, तारीख गेलेली. फक्त मार्गारेट एवढं नाव आणि वयाचा आकडा वाचता आला. कुसुमपेक्षा लहान होती ती. पारंबीच्या बेचक्यात, बरोबर नावाच्या वर, पाखराचं जुनं घरटं होतं.

कुसुम बराच वेळ तिथं उभी राहिली. "केवढ्या लांबून आली असेल," ती म्हणाली. "हिला कुणी विचारलं असेल का, की यायचंय का तुला इतक्या लांब?"

उत्तमनं बोटाला लागलेलं शेवाळ पुसलं. वाऱ्यानं चाफ्याचं एक फूल पडलं.

"तुम्ही मला कुठं नेणार?" तिनं विचारलं. आवाज अगदी सरळ होता.

"आता आसामात हाय. पुढं कुठं धाडतील ते सांगता येत न्हाई. पयली दोन वरसं तर कुटुंब नेताच येनार न्हाई. तवर तुमी गावी ऱ्हावं असं आई म्हनंल."

"मला शाळा सोडायची नाही."

"मग सोडू नगा. आईला म्या सांगीन. ती ऐकंल असा शब्द न्हाई देत, पर म्या सांगीन." मग तो दगडाकडं बघत म्हणाला, "आनि तुमाला न्हाई म्हनायचं आसंल तर तसं मला हितंच सांगा. मी घरी सांगतो की बदली लांब झाली, दोन वरसं लगीन जमत न्हाई. तुमच्यावर काय येनार न्हाई. हिला कुनी विचारलं का न्हाई मला ठाव न्हाई. मी तुमाला विचारतोय."

मी तिथून दूर गेले. ते ऐकायला मी तिथं असू नये असं पहिल्यांदाच वाटलं. पारंब्यांच्या आडून नंतर तो मोराचा, पंपाचा, घोड्याचा आवाज आला, तेव्हा मला उत्तर कळलं.

*

मावशीनं पदराचं गाठोडं करून सीताफळं भरून घेतली. टांगेवाला परत त्याच जागी उभा होता. आमच्या केसांत गवत, साड्यांना कुसळं, हात चिकट, आणि तिघींच्या तोंडावर असं काही की त्यानं विचारलं, "भेटलं का मानूस?"

"भेटला," कुसुम म्हणाली. "जिवंत आहे."

कुसुमचं पुढं काय झालं हे तुम्ही विचारणारच, म्हणून आधी ते सांगते. तिनं घरी होय सांगितलं आणि शाळेची अटही सांगितली. वडील म्हणाले, "अट घालायची ही काय नवी पद्धत?" दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मग उत्तमच्या घरून निरोप आला की मुलाचंही तेच म्हणणं आहे. उन्हाळ्यात लग्न झालं. अक्षता पडताना मामानं मुद्दाम मोठ्यानं म्हशीचा किस्सा सुरू केला आणि नवरदेवाच्या मुंडावळ्या थरथरायला लागल्या, मग सगळा मांडव. सासूशी शाळेवरून कुसुमचे खटके उडाले, बरेच उडाले, पण शाळा सुटली नाही. उत्तम निवृत्त झाल्यावर दोघं कोरेगावला राहायला आली. आता नातवंडं आहेत, आणि त्यातल्या एकीला आजोबांचं हसू जसंच्या तसं मिळालंय. वर्गात तिला उभं करतात म्हणे. मावशीनं त्यानंतर जी जी स्थळं जुळवली, तिथं दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना ती बजावायची: "आदी बोलू दे त्यास्नी. तुमी भायेर बसा."

ती जागा आता कशी असेल ठाऊक नाही. कुणी म्हणतं भिंत बांधली, कुणी म्हणतं झाडं तोडून साफ केली. मी परत गेले नाही. नेमकी वाटही मी तुम्हाला सांगितलेली नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

मी मात्र त्या दिवसापर्यंत कधी नुसती कुठं गेलेच नव्हते. लग्नाला गेले होते, बारशाला, दहाव्याला, परीक्षेला, नोकरीच्या मुलाखतीला. कुणीतरी नेलं म्हणून किंवा गेलंच पाहिजे म्हणून. कमरेइतक्या गवतात उभं राहून, हाताला सीताफळाचा चिकटा लागलेला असताना, आपण आत्ता जिथं आहोत ते घरात कुणालाही ठाऊक नाही आणि तरी सगळं ठीक आहे, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. पुढच्या सुट्टीत मी एकटी विजापूरला गेले. मग थांबलेच नाही.

त्या रात्री सांगलीला घरी पोचले तेव्हा आई चुलीपुढं बसली होती. काठाची कुसळं बघून तिनं विचारलं, "काय गं, काय बघितलंस कोरेगावात?"

"झाडं," मी म्हटलं.

"झाडं बघायला कोरेगावला?"

मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मला हसू फुटलं. थांबेचना. उंबऱ्यावरच बसकण मारली. आईनं आधी रागानं बघितलं, मग "अगं पण झालं काय?" म्हणाली, मग तिलाही कुठून तरी ते लागलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, आणि आम्ही दोघी, एकीला कारण माहीत आणि एकीला नाही, डोळे पुसत हसत बसलो होतो.